जावेच्या पोरासाठी नवस

प्रानोम माझी धाकटी जाऊ. वयानं लहान, लग्न होऊन आली तीही माझ्या मागून, पण देव काही वाटायला बसला की ही रांगेत माझ्या पुढे. बाजारात आमच्या टपऱ्या शेजारी शेजारी आहेत. मी बांबूच्या काड्यांत अडकवून निखाऱ्यावर कोंबडी भाजते, ती उखळात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटते. गिऱ्हाईक येतं ते तिच्या कोशिंबिरीसाठी, आणि आलोच आहोत तर म्हणून माझ्याकडची कोंबडीची एक काडी उचलतं. त्या 'आलोच आहोत तर'वर माझं घर चालतं.

विहाराच्या जत्रेत सोडत निघाली तेव्हा तिला मोटरसायकल लागली, मला साबण. तिचा नवरा धडधाकट आहे, माझा गेला. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण दावा मांडायलाही समोरची तयार लागते. प्रानोम भांडतच नाही. हसते, 'ताई ताई' करते, सणाला पहिला वाडगा माझ्या घरी पाठवते. अशा बाईचा हेवा करणं कष्टाचं काम आहे, पण मी ते नेटानं करत आले आहे.

आमची पोरंही एकाच पावसाळ्यात जन्मली. तिचा फूम, माझा योत. फूम शिकला, तंत्रशाळेतून पदविका घेऊन आला. माझ्या योतनं नववीनंतर दप्तर फेकलं आणि बापामागं टपरी सांभाळली. कोळसा तो आणतो, पाणी तो भरतो, माझा गुडघा धरला की मला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेतो. ती मोटरसायकल प्रानोमची, हे वेगळं सांगायला नको. पोरगी आहे, फाई, पण ती दूर विद्यापीठात. घरात पुरुष म्हणजे योत एकटा.

यंदाच्या एप्रिलमध्ये दोघांचीही लष्कराची चिठ्ठी होती. आमच्या देशात एकविसावं लागलं की प्रत्येक पोराला भांड्यात हात घालावा लागतो. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर छावणीत. त्यातही शिक्षणाप्रमाणं मुदत. फूमला लाल आली तर एक वर्ष, आणि आपणहून नाव दिलं तर सहाच महिने. नववीवाल्या योतला मात्र दोन वर्षं, नाव दिलं तरी दोन आणि लाल निघाली तरी दोन. म्हणजे नशीब वाईट निघालं तरी प्रानोमचं माझ्यापेक्षा निम्मं वाईट. तेव्हापासूनच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला होता.

फाई सुट्टीला घरी आली होती. ती तिकडे संख्याशास्त्र शिकते. म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर म्हणते, जे आधी कळत नाही ते किती कळत नाही हे मोजायचं. मी म्हटलं, मग मोज. आमच्या गावांमधली तीस पोरं धडधाकट ठरली होती आणि त्यातली दहा हवी होती. चिठ्ठ्या काढायच्या त्या नावाच्या अक्षरानुसार. फूमचं नाव योतच्या बरोब्बर आधी. शाळेच्या हजेरीपासून हेच चाललं आहे.

"बघ," मी फाईला म्हटलं, "इथंही तिचा पोरगा पुढे. तो चांगली चिठ्ठी उचलून नेणार आणि माझ्या पोराला उष्टं भांडं."

फाईनं मला समजवायला माझ्याच टपरीवरच्या सहा बांबूच्या काड्या घेतल्या. दोन काड्यांची टोकं निखाऱ्यात धरून काळी केली आणि सगळ्या चिकट भात ठेवायच्या टोपलीत टोकं खाली करून उभ्या केल्या. तिसात दहा म्हणजे सहात दोन, हिशेब तोच, म्हणाली. मग बाजारातल्या बायांना बोलावून एकेकीला काडी ओढायला लावली. जळकी ज्याला, तो शिपाई. संध्याकाळभर तोच खेळ. मासेवाली सारखी पहिली ओढत होती, भाजीवाली सारखी शेवटची. मी पहिल्याच खेपेला ओढली आणि जळकी आली, तेव्हा सगळ्या इतक्या हसल्या की मला ती काडी कुणाच्या तरी डोळ्यात खुपसावीशी वाटली.

गर्दी पांगल्यावर फाई म्हणाली, पहिलीला जितक्यांदा जळकी आली, जवळजवळ तितक्यांदाच शेवटचीला. थोड्या खेपांमध्ये इकडेतिकडे होतं, खेळ वाढवत नेला की सारखं होत जातं. भांड्यात हात जायच्या आधी रांगेतला प्रत्येकजण सारखाच, तिघांत एक.

"पण फूमनं काळी काढली तर माझ्या योतच्या वाटची एक काळी गेली की नाही?"

"गेली."

"मग?"

"आणि त्यानं लाल काढली तर एक लाल गेली. आई, दोन्ही बाजू धर ना. तू एकच धरतेस."

ती बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं आणि तिनं ते मला सांगायला नको होतं. कारण त्या क्षणापासून मी दुसरी बाजू धरली. फूमनं लाल काढावी. मग भांड्यातली एक लाल कमी, आणि प्रानोमच्या त्या हसऱ्या तोंडावर एकदा तरी मला ते बघायला मिळेल, जे माझ्या तोंडावर रोज असतं.

आता आमच्या गावच्या सेनापती आजोबांबद्दल सांगते. वेशीवर चिंचेखाली त्यांचं लहानसं देऊळ आहे. जिवंतपणी ते लष्करात होते म्हणतात. पीक मागा, परीक्षा मागा, आजोबा देतात. फक्त काळी चिठ्ठी मागायची नाही. आजोबांना शिपाई आवडतात, कुणी काळी मागितली की ते हटकून लाल देतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रानोमला मात्र नाही, कारण ती उत्तरेकडची आणि तिचे नवस सगळे बुद्धापुढे.

फाईला मी सहज म्हणून विचारलं, खरं का गं हे. ती म्हणाली, लाल आलेले लोक ओरडून सांगतात, बघा, आजोबांकडे काळी मागितली होती. ज्यांना मागून काळी मिळाली ते कशाला बोलतील? गपचूप अंडी वाहून मोकळे होतात. बोलणारे मोजायचे आणि गप्प बसलेले सोडून द्यायचे, याला मोजणं म्हणत नाहीत. आणि वर म्हणाली, कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते.

म्हणजे तिला वास लागला होता. पण मला शाप द्यायचाच नव्हता. मी तर आशीर्वाद मागणार होते.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या भर वेळेला मी आजोबांपुढे उदबत्त्या लावल्या, उकडलेली अंडी ठेवली आणि उदबत्तीवाल्या बाईला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलले. आजोबा, माझ्या दिराच्या फूमला काळी चिठ्ठी मिळू दे. त्याला मिळाली तर नर्तकी आणून नाचवीन. योतचं नाव मी ओठांवरही आणलं नाही. आता सांगा, मला कोण काय म्हणेल? चुलत्याच्या घरची बाई पुतण्यासाठी पदर पसरते आहे. एखाद्याचं वाईट इतक्या सभ्यपणे कुणी चिंतलं नसेल.

उदबत्तीवालीनं तिचं काम केलं. संध्याकाळच्या आत बातमी प्रानोमला पोचली. ती उखळ तसंच टाकून माझ्या टपरीत आली आणि माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, स्वतःच्या पोराच्या आधी तुम्ही माझ्या पोरासाठी मागितलंत. मी म्हटलं, कोंबडी करपतेय, हात सोड. शेजारच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं, पण प्रानोमपुढे एकीनंही तोंड उघडलं नाही.

फूमही आला थोड्या वेळानं. तो याच गावात वाढलेला, चिंचेखाली गोट्या खेळलेला.  त्यानं फक्त माझ्या हातातला चिमटा घेतला, कोंबड्या उलट्या केल्या, योतच्या डोक्यात टपली मारली आणि गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी त्याच्या पाठमोऱ्या शर्टातसुद्धा काहीतरी वाचत बसले.

चिठ्ठीच्या दिवशी तालुक्याच्या शाळेचा मंडप माणसांनी फुलला होता. पोरं उघडी, दंडावर शाईनं आकडे, छात्या पुन्हा एकदा मोजून घेतायत. आया पंख्यानं वारा घालतायत, कुणाच्या नाकाशी कापूर. अधिकाऱ्यानं चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजून दाखवायला काढल्या. त्याआधी रीतीप्रमाणं विचारलं, कुणी आपणहून येतंय का. जितके हात वर, तितक्या लाल चिठ्ठ्या भांड्यात टाकायच्याच नाहीत.

एक हात वर झाला. फूमचा.

प्रानोम माझ्या शेजारी बसली होती. ती ओरडली नाही. तिच्या हातातला पंखा थांबला, एवढंच. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, जणू मी मोठी आहे म्हणून मला काहीतरी ठाऊक असेल. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. आजोबा पावले. आणि दुसरं आलं ते त्याच्या पाठोपाठच: इथंही तीच पुढे. आता गाव म्हणणार, प्रानोमच्या पोरानं आपणहून हात वर केला, भावाच्या वाटची लाल उचलली. माझं पोरगं भांड्यात हात घालणार तो तिच्या पोराच्या उपकारानं. लाल नशिबी आली तरी हिची लाल माझ्या काळीपेक्षा उजळ. मला इतका संताप आला की मी फाईच्या मांडीला चिमटा काढला.

"सहा महिन्यांसाठी केलंय त्यानं," मी तिच्या कानात म्हटलं. "एका वर्षाचे सहा महिने करून घेतले. हुशार आहे."

 फाईचे डोळे भरले होते. माझीच मुलगी.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. एकोणतीस पोरं, नऊ लाल. बाही वर, पंजा उघडा करून सगळ्यांना दाखवायचा, मग भांड्यात घालायचा. सुरुवातीला काळ्याच काळ्या निघाल्या. मंडप नाचत होता. मागचा एक म्हातारा म्हणाला, आता लाल येणारच, इतक्या काळ्या झाल्या. मी फाईकडे वळून म्हटलं, हे तुम्हा शिकलेल्यांना अंधश्रद्धा वाटत असेल. ती म्हणाली, नाही, इथं तो बरोबर आहे. नाणं उडवलं असतं तर मागचं सगळं विसरून पडलं असतं. भांडं विसरत नाही. गेलेली काळी परत आत येत नाही.

योतची पाळी आली तेव्हा भांड्यात दहा चिठ्ठ्या उरल्या होत्या. चार लाल. मी विचारायच्या आधीच मला कळलं, दहात चार. सकाळी होती त्याच्यापेक्षा वाईट. आणि मला आणखी एक कळलं, जे मला कळायला नको होतं, पण काड्यांचा तो खेळ डोक्यात बसला होता. फूम भांड्यातच राहिला असता तर एक लाल जास्त असती, आणि आत्ता योतच्या आधी त्यानं हात घातला असता. त्याला काळी आली असती तर माझ्या योतपुढे पाच लाल, पाच काळ्या. निम्मेनिम्म. सगळा मंडप योतकडे बघत होता आणि मी त्या न झालेल्या चिठ्ठीकडे.

योतनं पंजा दाखवला. हात आत घातला. अधिकाऱ्यानं चिठ्ठी उलगडली आणि ध्वनिक्षेपकावर म्हणाला, काळी.

माझा पोरगा माकडासारखा उड्या मारत आला, माझ्या पायावर पडला, फाईच्या गळ्यात पडला. आणि पहिली कोण उठली असेल त्याला जवळ घ्यायला? प्रानोम. तिनं त्याचं घामेजलेलं डोकं छातीशी धरलं आणि खरोखरच्या आनंदानं रडली. मी बघत होते, कुठं तरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही. हा आनंद माझा होता आणि तोसुद्धा ती माझ्यापेक्षा चांगला करत होती.

मी फाईला बाजूला ओढलं. सांग, म्हटलं, त्यानं नाव दिल्यानं आपला किती फायदा झाला. आकडा सांग. तिनं सांगितलं. योतला लाल यायची भीती सकाळी शंभरात तेहतीस होती, ती एकतीस झाली.

"दोन?" मी म्हटलं. "शंभरात दोनच? मग काय एवढं."

"दोनच."

"म्हणजे त्यानं हात वर केला नसता तरी योतला काळीच आली असती."

"असं नाही म्हणता येत."

"मग त्याच्यामुळं आली?"

"तसंही नाही म्हणता येत, आई. दिवस एकदाच झाला. दुसरा दिवस कसा गेला असता ते कुणालाच कळणार नाही."

शिकवून शिकवून पोरीला हे शिकवलं. उपकार झाला असता तर मी तो फेडला असता, दात ओठ खाऊन का होईना. झाला नसता तर मोकळी होते. हे कळणार नाही म्हणजे काय करायचं माणसानं? प्रानोमच्या दारावरून जाताना मान वर ठेवायची की खाली?

फूम कागदावर बोटांचे ठसे देऊन व्हरांड्यात बसला होता. मी त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेतली, रिकाम्या हातानं जाणं बरं दिसलं नसतं. त्यानं बाटली घेतली, बाजूला सरकून मला जागा दिली. मी म्हटलं, सहा महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील.

"हो," तो म्हणाला. "मला परवडतं. योतला दोन वर्षं परवडली नसती. तुमचा गुडघा तसा."

"फाईनं सांगितलं नाही तुला, शंभरात दोनचाच फरक पडतो?"

"सांगितलं की. कालच विचारलं होतं तिला. दोन तर दोन."

मग तो थोडा वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला. मी उठणार होते. गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला.

"काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा काळी मागितली की काय देतात, ते मला ठाऊक आहे."

 मी म्हटलं, अरे मी आपलं… 

"आईला ठाऊक नाही. तिला कुणी सांगू नका, तुम्हीही नका सांगू. तुमच्या नवसाचं ती सगळ्यांना सांगत फिरतेय. मी नसताना बाबा शेतावर असतात, ती घरात एकटी. तिला वाटतंय तुम्ही आहात. तेवढं राहू दे."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रागाशी मी भांडू शकते. तो एखाद्या मोठ्या माणसानं आजारी मुलाला औषध द्यावं तसा बोलत होता. आणि माझं मन बघा कुठं गेलं. लाज वाटायला हवी होती, वाटलीही असेल. पण त्याच्या आधी, त्याच्या वरचढ, मला वाटलं: असं पोर हिच्याच पोटी का? मंडपात माझा योत मित्रांच्या खांद्यावर बसून नाचत होता, काळी चिठ्ठी दातांत धरून. माझा तो, माझ्या जिवाचा तुकडा, माझ्या घरी येणार होता. आणि मी दुसरीच्या पोराकडे बघून जळत होते, ज्याला मी स्वतःच छावणीत पाठवायला निघाले होते.

संध्याकाळी प्रानोमनं आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे गोल करून चटईवर बसलो, मधे भाताची टोपली. माझीच कोंबडी होती, तिची कोशिंबीर. ती हसत होती, पण भात मुठीत वळायला गेली की तिची बोटं थांबत. शेजारणी डोकावून जात होत्या आणि प्रत्येकीला ती सांगत होती, ह्या ताई, ह्यांनी नवस केला होता माझ्या फूमसाठी. शेजारणी माझ्याकडे बघत. मी खाली बघत होते. समोर फूम त्याच्या भातात डोकं घालून जेवत होता.

मग प्रानोमनं कोंबडीचा सगळ्यात चांगला तुकडा निवडला, मांडीचा, चांगला खरपूस. तिचा हात फूमकडे निघाला होता. रोजची सवय. मधेच तो वळला आणि तुकडा माझ्या पानात पडला. "खा ताई," ती म्हणाली, "आता मला तुम्हीच."

फूमनं वर बघितलं नाही. मी तो तुकडा खाल्ला.